पुन्हा जाऊन दाखवावे

शास्त्रपाठ : लेवीय १३:१–८, मार्क ५:२५–३४



भिवंडी हे मागांचे गाव आहे. कामवारी नदीच्या काठी वसलेल्या या शहरात रात्रंदिवस यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो, आणि आपल्या मंडळीतील कित्येक घरांची भाकर त्याच खडखडाटातून येते. ज्या बांधवांनी साधा माग चालविला आहे त्यांस ठाऊक आहे की, ताण्याचा एखादा धागा तुटला तरी माग थांबत नाही. कापड विणले जातच राहते. मात्र त्यात एक बारीक फट पडते, आणि ती वीतभर, हातभर लांबत जाते. चांगला विणकर ती फट दृष्टीस पडताच माग बंद करितो, तुटलेले टोक शोधितो, ते जोडितो आणि मग पुन्हा धोटा सुरू करितो. मजुरी कापडाच्या मापावर मिळत असल्यामुळे थांबण्यात त्याचा तोटाच होतो. तरी तो थांबतो. कारण न थांबल्यास सारा ताका वाया जाईल हे तो जाणतो.

हा दृष्टांत आम्ही रचलेला नाही. आमच्या मंडळीतील एका वृद्ध वडिलांनी तो आम्हांस ऐकविला, आणि ऐकविण्याचे कारण आमच्याच मानेवर होते.

मागल्या एका पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या मानेच्या डाव्या बाजूस सुपारीएवढी गाठ हाताला लागली. ती दुखत नव्हती. काही दिवसांनी तिच्या शेजारी दुसरी आली. त्याच सुमारास अंगातील जोर कोणी काढून घेतल्यासारखे झाले. पडघ्याकडील वाडीवर उपासनेस जाऊन आलो की दुसरा दिवस अंथरुणावर जाई. सायंकाळी अंगात कसर भरे, आणि पहाटे उशी घामाने ओली झालेली असे. दररोज दुसऱ्यांस धीर देणाऱ्या आम्ही अशा वेळी काय केले? आम्ही सदऱ्याचे वरचे बटण लावू लागलो. आमच्या पत्नीने विचारले तेव्हा घसा धरला आहे असे सांगून वेळ मारून नेली. पाच आठवडे असे गेले; आणि त्या पाचही रविवारी आम्ही व्यासपीठावरून प्रकाशात चालण्याचा उपदेश केला.

मग एके दिवशी उपासना संपल्यावर ते वडील जवळ आले. ते तरुणपणी नगरकडून येथे आले आणि चाळीस वर्षे मागावर उभे राहिले. ते हळूच म्हणाले, “पाळकसाहेब, तुटलेला धागा मला लांबूनही दिसतो. तुमच्या गळ्यापाशी तुटलाय. माग कधी थांबवणार?” आम्हांस उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून जे शिकलो ते आज आपल्यापुढे ठेवितो. कारण आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत अशी बटणे लावून बसलेली माणसे आणखी असतील, याविषयी आम्हांस शंका नाही.

लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय उपासनेत क्वचितच वाचला जातो. तो कातडीवरील डागांविषयी आहे, गाठींविषयी नाही. आणि आज कोणी पाळकाने रोग्याची तपासणी करावी असाही त्याचा अर्थ नाही. परंतु त्यात तपासण्याची जी रीत सांगितली आहे तिच्याकडे लक्ष द्या. डाग दिसलेल्या मनुष्याला याजकापुढे आणावयाचे. याजकाने स्वतःच्या डोळ्यांनी डाग पाहावयाचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलण्यावरून निकाल द्यावयाचा नाही. डागाचे लक्षण संशयास्पद असेल तर सात दिवस थांबावयाचे आणि सातव्या दिवशी पुन्हा पाहावयाचे. तरीही खात्री झाली नाही तर आणखी सात दिवस थांबून पुन्हा पाहावयाचे. मग तो शुद्ध आहे असे ठरले तर त्याने कपडे धुऊन घरी जावे. येथे आपण अध्याय मिटून ठेवतो. पण सातवे वचन अजून राहिले आहे. शुद्ध ठरविला गेल्यानंतरही डाग पसरू लागला, तर त्या मनुष्याने पुन्हा जाऊन याजकास दाखवावे, अशी आज्ञा तेथे आहे.

पाहा, देवाने आपल्या लोकांना पहिल्या निकालावरच निजावयास सांगितले नाही. पहिल्या दिवशी जे कळत नाही ते सातव्या दिवशी कळेल, आणि सातव्या दिवशी जे ठरले ते पुढे चुकीचेही निघेल, हे नियमशास्त्राने आधीच धरून चालले आहे. तेव्हा पुन्हा दाखविण्यात पहिल्या तपासनिसाचा अपमान नाही आणि दाखविणाऱ्याच्या विश्वासाला उणेपणाही नाही.

आता या गाठी म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ. देवाने आपल्या देहात जागोजागी लहान लहान रसग्रंथी ठेविल्या आहेत. मानेत, काखेत, जांघेत, तसेच छातीत व पोटातही त्या आहेत. त्या वेशीवरच्या राखणदारांसारख्या असतात. कोठून जंतू शिरला की त्यास तेथे अडविले जाते, आणि झुंज चालू असता ग्रंथी सुजते. पायाला काटा लागून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. लेकराच्या डोक्यात उवांमुळे फोड झाले, दाढ किडली किंवा घसा आला, तर मानेत वाटाण्याएवढ्या गाठी येतात आणि मूळ दुखणे बरे झाले की बहुधा त्या ओसरतात. म्हणून प्रत्येक गाठ पाहून भयभीत होण्याचे कारण नाही.

परंतु जी गाठ दोन-तीन आठवड्यांत ओसरत नाही, जी वाढत जाते, जी दगडासारखी कठीण लागते किंवा आतल्या मांसाला चिकटल्यासारखी हलत नाही, तिची गोष्ट निराळी. गळ्याच्या हाडाच्या वर खळगीत आलेली गाठ तर एक दिवसही झाकून ठेवू नये. गाठीसोबत थकवा, सायंकाळचा ताप, रात्रीचा घाम आणि उतरत जाणारे वजन असेल तर राखणदार मोठ्याने हाक मारीत आहे असे समजावे. आपल्या देशात या हाकेमागे बहुत वेळा क्षयरोग असतो. क्षय फुप्फुसांतच होतो असे पुष्कळांस वाटते. परंतु तो मानेच्या ग्रंथींतही होतो, आणि त्यालाच आपले पूर्वज गंडमाळा म्हणत. फुप्फुसांबाहेरील क्षयाच्या प्रकारांत हा आपल्याकडे फार आढळतो. तथापि दरवेळी क्षयच असतो असे नाही. रसग्रंथींचा कर्करोग असू शकतो, आणि वेळेवर ओळखला तर त्यांतील कित्येक प्रकार बरे होतात. एचआयव्हीचा संसर्ग असू शकतो, हत्तीरोगाचे जंतू असू शकतात, किंवा आपोआप निवळणारा साधा विषाणूचा तापही असू शकतो. बाहेरून हात लावून यांतील कोणते आहे हे मोठ्या वैद्यालाही नेहमी सांगता येत नाही. यास्तव तपासणी पाहिजे, आणि तपासणीस वेळ लागतो.

या वेळात माणसाचे मन तीन रीतींनी घसरते. तिन्हींत आम्ही स्वतः घसरलो, म्हणून लिहितो.

पहिली रीत झाकण्याची. ती आम्ही वर सांगितलीच आहे.

दुसरी रीत लवकर समाधान मानण्याची. यिर्मया भविष्यवाद्याच्या काळी असे उपदेशक होते की ते लोकांची जखम वरवर बरी करीत आणि शांती नसता शांतीची ग्वाही देत. त्यांच्यावर देवाने दोष ठेविला. वडिलांच्या बोलण्यानंतर आम्ही एका दवाखान्यात गेलो. तेथे अशक्तपणा आहे असे सांगून सलाईन लाविले आणि आठवडाभराच्या गोळ्या दिल्या. गाठ तशीच राहिली. मग दुसरीकडे सुई घालून गाठीतील द्रव काढला व तपासला. चार दिवसांनी कागद हाती आला. त्यात लिहिले होते की, ग्रंथी केवळ प्रतिक्रियेने सुजलेली आहे, विशेष काही आढळले नाही. बंधूंनो, त्या दिवशी आम्ही गुडघे टेकून देवाचे उपकार मानिले आणि पुढचे सहा आठवडे मान चाचपून पाहिली नाही. उपकार मानण्यात चूक नव्हती. परंतु सुईच्या टोकाला जे लागले नाही ते गाठीत नाहीच, असे आम्ही धरून चाललो. सुई गाठीच्या लहानशा भागात जाते. रोग दुसऱ्या कोपऱ्यात असू शकतो. कागदाने आम्हांस शुद्ध ठरविले होते, आणि डाग पसरत होता. लेवीयातील सातवे वचन आम्ही पाठ केलेले होते, पण पाळले नव्हते.

तिसरी रीत घाईने दोष देण्याची. अंगरखा सैल पडू लागला तेव्हा रात्री आम्ही आपल्या पापांची मोजदाद करू लागलो. कोणत्या अपराधासाठी हे आले? एका आप्ताने तर दृष्ट लागल्याचे सुचविले. येशूपाशी शिष्यांनी जन्मांधाविषयी असाच प्रश्न केला होता की पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे. आणि प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारिला. रोगाचे कारण शोधणे वेगळे आणि रोग्याचा अपराध शोधणे वेगळे. पहिले काम प्रयोगशाळेचे आहे. दुसरे काम देवाने आपल्याकडे सोपविलेले नाही.

शेवटी आमची पत्नी आम्हांस एका सरकारी रुग्णालयात घेऊन गेली. तेथे छातीचे चित्र काढिले, रक्त घेतले, आणि परिचारिका म्हणाली की एचआयव्हीचीही तपासणी करावी लागेल. ते ऐकताच आमचा चेहरा लाल झाला. आम्ही म्हणालो, “बाई, मी पाळक आहे.” त्या भगिनीने शांतपणे उत्तर दिले, “असू द्या, साहेब. आम्ही सगळ्यांचीच करतो.” त्या एका वाक्यात आम्हांस जो उपदेश मिळाला तो पुष्कळ प्रवचनांत मिळाला नव्हता. ज्यांची सेवा करितो त्यांच्याहून आपण निराळ्या मातीचे आहोत, असे आम्ही मनात धरून होतो; आणि ज्यांस तो संसर्ग झाला आहे त्यांच्याविषयी आमच्या अंतःकरणात किती तिरस्कार दडून होता, हेही तेव्हा दिसले. ती गाठ मानेतल्या गाठीपेक्षा जुनी होती.

मग थोडी जागा बधिर करून एक संपूर्ण ग्रंथी काढण्यात आली. तिचा एक भाग फॉर्मलिनमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यास पाठविला आणि दुसरा भाग निर्जंतुक मिठाच्या पाण्यात ठेवून जंतूंच्या तपासणीस पाठविला. हे आम्ही मुद्दाम लिहितो. सारा तुकडा फॉर्मलिनमध्ये गेला तर त्यातील जंतू मरतात आणि मग ते वाढवून पाहता येत नाहीत. ज्या कोणाची गाठ काढली जाणार आहे त्याने किंवा त्याच्या सोबत्याने डॉक्टरांस याविषयी नम्रपणे विचारावे. आमच्या गाठीत क्षयाचे जंतू सापडले. छाती स्वच्छ होती. इतक्या महिन्यांनी दुखण्याला नाव मिळाले, आणि आश्चर्य हे की, वाईट नाव असूनही त्या रात्री आम्हांस झोप लागली.

दुखण्याचे नाव न कळणे हे मनुष्यजातीचे जुने दुःख आहे. इंग्लंड व फ्रान्स देशांत शेकडो वर्षे अशी समजूत होती की, गंडमाळा झालेल्याला राजाने हात लाविला तर तो बरा होतो. म्हणून इंग्लंडात त्या रोगास राजाचे दुखणे असेच नाव पडले होते. १७१२ साली ॲन राणीने अशा एका लहान मुलाला स्पर्श केला. तो मुलगा म्हणजे पुढे १७५५ साली इंग्रजी भाषेचा प्रसिद्ध शब्दकोश काढणारा सॅम्युएल जॉन्सन होय. राणीच्या स्पर्शाने त्याचा रोग गेला नाही, आणि शस्त्रक्रियेचे व्रण त्याच्या मानेवर जन्मभर राहिले. ज्याने पुढे हजारो शब्दांचे अर्थ सांगितले त्याच्या दुखण्याचा खरा अर्थ त्या काळी कोणालाच माहीत नव्हता. क्षयाचा जंतू सापडल्याचे रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले, तेव्हा कोठे त्या दुखण्याचे मूळ कळले.

आपल्या मुंबईतही १८९६ साली एक प्रसंग घडला. त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात माणसे तापाने व काखेतील, जांघेतील गाठींनी पटापट मरू लागली. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी रोगी तपासून हा ग्रंथिक प्लेग आहे असे स्पष्ट सांगितले. ते नाव कोणालाही नको होते, परंतु ते खरे ठरले. आणि नाव खरे कळल्यामुळेच उपाय शोधणे शक्य झाले. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. मात्र त्याच साथीत पुण्यात घरोघर जी कठोर झडती घेण्यात आली तिच्या भयाने लोक आपले आजारी दडवू लागले. आणि त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करिता करिता १० मार्च १८९७ रोजी मरण पावल्या. यावरून बोध घ्यावा. जेथे शोधणारा हात कठोर असतो तेथे मनुष्य गाठ लपवितो. जेथे हात प्रेमाचा असतो तेथे तो गळपट्टी सोडितो.

हेच आपल्या दुसऱ्या शास्त्रपाठात दिसते. त्या स्त्रीला बारा वर्षे रक्तस्राव होत होता. तिने पुष्कळ वैद्य केले, जवळचे सर्व खर्च केले, आणि तिचे दुखणे वाढतच गेले. ज्या भगिनीने एकामागून एक चिठ्ठ्या, चित्रे व रक्ताचे कागद पिशवीत जमविले आहेत, तिला ही स्त्री अनोळखी वाटणार नाही. ती गर्दीत लपून प्रभूच्या मागून आली. प्रभू याईराच्या मरणोन्मुख मुलीकडे घाईने जात होता, तरी तो वाटेत थांबला आणि त्या स्त्रीला पुढे येऊ दिले. तिने भीत कांपत सर्व हकीगत सांगितली, आणि ती सारी त्याने ऐकून घेतली. शुभवर्तमानात तिचे नाव नाही. परंतु प्रभूने तिला कन्या या नात्याने हाक मारिली. बंधुभगिनींनो, तिचे ऐकून घेण्यास प्रभूला वेळ होता. आपल्यापैकी किती जण दुखणेकऱ्याची सारी हकीगत शेवटपर्यंत ऐकतात?

येथे कोणी म्हणेल, प्रभू बरे करितो तर सुई व सूक्ष्मदर्शक कशास पाहिजेत? हिज्कीया राजाची गोष्ट वाचा. तो मरणोन्मुख झाला, त्याने रडून प्रार्थना केली, आणि देवाने त्याचे आयुष्य पंधरा वर्षांनी वाढविण्याचे वचन दिले. वचन मिळाल्यावरही यशयाने अंजिरांची चांदकी आणवून त्याच्या गळवावर बांधविली. वचन आणि अंजीर ही दोन्ही एकाच देवाकडून आली. आसा राजाला दोष लागला तो वैद्यांकडे गेला म्हणून नव्हे, तर वैद्यांकडे जाताना परमेश्वराला विसरला म्हणून. पौलाच्या सोबत फिरणारा लूक हा वैद्यच होता. आपल्या या महाराष्ट्रात डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय उघडिले, तेही प्रभूच्याच नावाने.

क्षयाविषयी तर देवाने आपल्या पिढीवर मोठी कृपा केली आहे. एके काळी या रोगाला औषध नव्हते. पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली सापडले. पुढे १९५६ साली मद्रास येथे सुरू झालेल्या प्रयोगांत असे सिद्ध झाले की, योग्य औषधे नियमाने घेतली तर रोगी आपल्या घरी राहूनही आरोग्यधामातल्याइतकाच बरा होतो. आज आपल्या देशात हे औषध सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळते. साधा क्षय असेल तर बहुधा सहा महिने औषध घ्यावे लागते. आणि उपचार चालू असता पौष्टिक अन्नासाठी सरकारकडून रोग्यास मदत मिळते. ती २०१८ साली महिना ५०० रुपये होती, आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये करण्यात आली.

औषध सुरू झाल्यावर आमची एक परीक्षा आणखी व्हावयाची होती. दुसऱ्या महिन्यात उरलेली गाठ कमी होण्याऐवजी वाढली. सैतानाने कानात सांगितले की निदान चुकले, औषध टाकून दे. परंतु आम्ही तोवर सातवे वचन शिकलो होतो. आम्ही पुन्हा जाऊन दाखविले. डॉक्टरांनी समजाविले की, मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीर जोराने उठते तेव्हा कधी कधी असे होते. औषध सोडावयाचे नाही. आम्ही सोडिले नाही. आज मानेवर एक लहान व्रण तेवढा आहे, आणि वरचे बटण उघडे असते.

आणि मंडळीविषयी काय? आम्हांस क्षय झाल्याचे कळल्यावर पहिल्या प्रभुभोजनाच्या रविवारी आमचे हात थरथरत होते. फुप्फुसांत रोग नसता केवळ मानेच्या ग्रंथींतील क्षय दुसऱ्याला लागत नाही, हे डॉक्टरांनी सांगितले होते आणि आम्ही मंडळीलाही समजाविले होते. तरी लोक आमच्या हातून भाकर घेतील काय? क्षणभर कोणी उठले नाही. मग ते वृद्ध वडील काठी टेकीत पुढे आले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. त्यांच्यामागे सारी मंडळी आली. प्रभूने कुष्ठरोग्याला हात लाविला तेव्हा कसे वाटले असेल, हे त्या दिवशी आम्हांस थोडेसे समजले.

आता ज्यांच्या दुखण्याला अजून नाव मिळाले नाही, त्यांच्याकरिता एक शब्द. आमचे नाव सापडले. सर्वांचे लवकर सापडत नाही. काहींच्या सर्व तपासण्या होतात, गाठ आपोआप ओसरते किंवा तशीच राहते, थकवा जात नाही, आणि डॉक्टर म्हणतात, थांबून पाहू. अशा भगिनीला किंवा बंधूला कोणी ढोंगी म्हणू नये. प्रेषित पौलाच्या देहात एक काटा होता. तो काटा म्हणजे कोणते दुखणे, हे विद्वानांना आजतागायत निश्चित सांगता आले नाही. पौलाने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. परंतु पुरेल इतक्या कृपेचे आश्वासन त्यास मिळाले. ज्या रोगाला माणसांपाशी नाव नाही तोही देवाला अनोळखी नाही. अशा दुखणेकऱ्याने ठरलेल्या दिवशी पुन्हा जाऊन दाखवावे, आणि मंडळीने त्याच्या सोबत जावे.

उपदेशक बंधूंनो, आपण वाडीवाडीवर फिरता, म्हणून काही गोष्टी आपणांस सांगतो. कोणाच्या मानेत, काखेत वा जांघेत गाठ तीन आठवडे राहिली असेल तर प्रार्थना करा आणि त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात स्वतः घेऊन जा. गाठ केव्हा आली, किती वाढली, ताप कोणत्या वेळी येतो, वजन किती उतरले, हे एका कागदावर लिहून द्या. ज्यांस लिहिता येत नाही त्यांची ही मोठी सेवा होईल. आधीचे सर्व कागद सोबत न्या. निदान होण्यापूर्वी ताकदीच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्या कोणास घेऊ देऊ नका; त्यांत स्टेरॉईड असल्यास गाठ काही दिवस बसते आणि खरा रोग लपून राहतो. गाठीवर डाग देणे, चिरणे किंवा झाडपाल्याचा दाहक लेप लावणे यांपासून लोकांस परावृत्त करा. घरात ताटवाटी वेगळी मांडू देऊ नका. जो खोकत असेल त्याची थुंकी मात्र अवश्य तपासून घ्या. औषध सुरू झालेल्याच्या घरी दर आठवड्याला जा, आणि रुग्णालयात जाण्याने ज्याची मजुरी बुडते त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली की नाही हे वडील मंडळीने पाहावे. एका धाग्यासाठी माग थांबतो, तर एका माणसासाठी मंडळीने थोडे थांबू नये काय?

प्रिय वाचकहो, आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी ज्याच्या अंगावर झाकलेली गाठ आहे त्याने ती आपल्या पत्नीला, पतीला, आईला किंवा पाळकाला दाखवावी. उद्या डॉक्टरांना दाखवावी. आणि सारे ठीक आहे असे सांगितल्यावरही ती वाढू लागली, तर लाज न धरता पुन्हा जाऊन दाखवावी.

हे प्रभो, तू आमच्या हाडामांसाला घडविणारा आहेस आणि आमच्यातील काहीही तुझ्यापासून लपलेले नाही. जे झाकून बसले आहेत त्यांस धैर्य दे. जे निकालाची वाट पाहत आहेत त्यांच्या रात्री सोप्या कर. तपासणाऱ्यांच्या डोळ्यांस तीक्ष्णता व हातांस कोमलता दे. ज्यांच्या दुखण्याला नाव मिळाले त्यांस औषध पुरे करण्याची चिकाटी दे, आणि ज्यांस नाव मिळाले नाही त्यांस तुझी संगती दे. आम्हां मंडळीला ऐकण्यास कान व थांबण्यास वेळ दे. आमेन.